नोकरी सुटल्यावरचे पहिले तीन महिने : कोकणात राहून भत्ता, प्रशिक्षण आणि नवे काम मिळवताना

गणपतीला बारा दिवस उरले असताना आमच्या कारखान्याचा पॅकिंग विभाग बंद झाला आणि माझ्यासह एकतीस जणांना एका दुपारी घरी पाठवण्यात आले. माझी तिथे सात वर्षे झाली होती. त्या दिवसांत रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोणत्याही घरात जे उत्तर मिळाले असते तेच मलाही मिळाले : ‘‘आता गणपती होऊ देत, मग बघू.’’ गणपती झाले, मुंबईचे चाकरमानी परत गेले, भातकापणीची चाहूल लागली आणि मी कागद गोळा करायला निघाले तेव्हा महिना उलटून गेला होता. कारखान्यातला हिशेबनीस दुसरीकडे रुजू झाला होता आणि माझ्या नोकरीचा शेवटचा दिवस एका सरकारी नोंदीत ऑगस्टमधला, तर दुसऱ्या नोंदीत सप्टेंबरमधला लागला होता. ती एक तारीख दुरुस्त करून घेण्यात माझा पुढचा दीड महिना गेला.

पुढच्या पायऱ्या त्या अनुभवातून लिहिल्या आहेत. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या आणि पगारातून कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय, व भविष्य निर्वाह निधी कापला जात असलेल्या कामगारांना त्या सगळ्याच लागू पडतील. ज्यांच्या पगारातून असे काहीच कापले जात नव्हते, म्हणजे बागेतले, नौकेवरचे किंवा लहान हॉटेलातले कामगार, त्यांनी थेट पाचव्या पायरीपासून वाचले तरी चालेल.

१. पहिल्या आठवड्यातच कारखान्याकडून कागद घ्या

बंद झालेल्या कारखान्याच्या दारात पहारेकरी शिल्लक राहतो, पण सही करणारा माणूस राहत नाही. त्यामुळे ज्या आठवड्यात काम सुटले त्याच आठवड्यात पुढील कागद मागून घ्यावेत.

- नोकरीवरून कमी केल्याचे पत्र, ज्यात कारण आणि कामाचा शेवटचा दिवस स्पष्ट लिहिलेला आहे
- अनुभवाचा दाखला आणि शेवटच्या सहा महिन्यांच्या पगारपावत्या
- ईएसआयचा विमा क्रमांक व त्याचे ई-पहचान कार्ड
- भविष्य निर्वाह निधीचा यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा खाते क्रमांक
- शेवटच्या हिशेबाचा तपशील : थकीत पगार, शिल्लक रजा, बोनस, ग्रॅच्युइटी

मिळालेल्या प्रत्येक कागदाच्या तीन छायाप्रती काढाव्यात आणि मोबाइलमध्ये स्वच्छ फोटो ठेवावेत. मूळ कागद कोणाच्याही हातात ‘ठेवून’ येऊ नये.

इथला सर्वांत मोठा सापळा राजीनाम्याचा आहे. ‘‘राजीनामा लिहून दिलात तर हिशेब आठ दिवसांत होईल’’ असे आमच्यापैकी अनेकांना सांगण्यात आले आणि घरात सण उभा असल्यामुळे काहींनी कोऱ्या कागदावर सही करून दिली. राजीनामा आणि कामगार कपात या कायद्याच्या दृष्टीने पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. कपात झाली असेल तर एक महिन्याची नोटीस किंवा तिच्या बदल्यात पगार, आणि पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई मिळण्याचा हक्क उभा राहतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत आणखी एक तरतूद आहे, जी कामगारांना फारशी ठाऊक नसते : कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने त्याच्या शेवटच्या पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम पुनर्कौशल्य निधीत भरायची असते आणि ती कपातीपासून ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यावर जमा व्हायची असते. राजीनामा दिलेल्या माणसाला यातले काहीच मागता येत नाही. सही करण्यापूर्वी कागद घरी आणून वाचावा. देत नसतील तर त्याचा फोटो काढावा.

ग्रॅच्युइटीचा हिशेब स्वतः करता येतो. ज्यांची सलग पाच वर्षे झाली आहेत त्यांनी शेवटचे ग्राह्य वेतन घ्यावे, त्याला १५ ने गुणून २६ ने भागावे आणि येणाऱ्या आकड्याला नोकरीच्या वर्षांनी गुणावे. वेतन १२,००० रुपये आणि नोकरी सात वर्षांची असेल तर सुमारे ४८,४६० रुपये होतात. सात वर्षे आणि सहा महिन्यांहून अधिक काळ झाला असेल तर आठ वर्षे धरली जातात, म्हणून हजर झाल्याची तारीखही हाताशी असू द्यावी.

२. शेवटच्या दिवसाची तारीख सगळीकडे एकच आहे का, ते पाहा

कमी केल्याच्या पत्रातली, ईएसआयच्या नोंदीतली आणि भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीतली अशा तीन ठिकाणच्या तारखा जुळल्या पाहिजेत. निधीच्या सदस्य पोर्टलवर ‘सेवा इतिहास’ या विभागात नोकरी सोडल्याची तारीख दिसते. ती मालकाने भरलेलीच नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी, आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीच्या आधारे, सदस्याला ती स्वतः नोंदवता येते. ईएसआयचे तसे नाही. तिथली नोंद मालक दरमहा वर्गणी भरताना करतो आणि त्या वेळी काम बंद होण्याचे कारणही यादीतून निवडतो. कारकुनाने घाईत ‘नोकरी सोडली’ हा पर्याय निवडला, तर प्रत्यक्षात कपात झालेली असूनही कागदोपत्री तुम्ही आपण होऊन गेलात असे ठरते. म्हणून हिशेबाच्या दिवशीच ‘‘पोर्टलवर कारण काय टाकलेत?’’ हा प्रश्न विचारावा. प्रश्न साधा असला तरी तो विचारायला मला तेव्हा संकोच वाटला होता.

नावाचा घोळ आम्हा बायकांच्या वाट्याला अधिक येतो. माझे नाव शाळेच्या दाखल्यावर माहेरचे, आधारवर सासरचे आणि बँकेच्या खात्यावर मधले नाव गाळून असे तीन प्रकारचे होते. निधी असो वा भत्ता, आधार, पॅन आणि बँक खाते या तिन्ही ठिकाणी नाव व जन्मतारीख अक्षरशः सारखी नसेल तर अर्ज अडतो. विवाह नोंदणीचा दाखला जवळ असल्यास दुरुस्ती सोपी होते. आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू आहे ना, तेही याच वेळी पाहावे. गावात रेंज नाही म्हणून बंद पडू दिलेले जुने सिम नेमके ओटीपीच्या वेळी आठवते.

ठेकेदाराकडे काम करणाऱ्यांनी आणखी एक तपासणी करावी. पगारातून कापलेली वर्गणी प्रत्यक्षात भरली गेली आहे का, हे ईएसआयच्या पोर्टलवर आणि निधीच्या पासबुकात महिन्यागणिक दिसते. ठेकेदाराने ती भरली नसेल तर ईएसआयची वर्गणी भरण्याची जबाबदारी मूळ कारखान्याच्या मालकावर येते, तेव्हा तक्रार करताना दोघांचीही नावे लिहावीत.

३. बेरोजगारी भत्त्याचा दावा करा

ईएसआयकडून मिळणाऱ्या बेरोजगारी भत्त्याच्या दोन वेगळ्या योजना आहेत आणि त्यांची गल्लत खिडकीच्या दोन्ही बाजूंना होते.

पहिली अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. ती १ जुलै २०१८ रोजी सुरू झाली. आरंभी सरासरी दैनिक वेतनाच्या २५ टक्के मिळत असत, मार्च २०२० पासून ५० टक्के मिळू लागले. हा भत्ता आयुष्यात एकदाच आणि जास्तीत जास्त ९० दिवसांचा मिळतो. त्यासाठी काम सुटण्यापूर्वी किमान दोन वर्षे विमा लागू असलेली नोकरी हवी. ईएसआयचे वर्गणीचे कालखंड एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे असतात. काम सुटण्याच्या लगतच्या कालखंडात किमान ७८ दिवसांची वर्गणी आणि मागच्या दोन वर्षांतल्या उरलेल्या तीनपैकी एका कालखंडातही तेवढीच वर्गणी जमा असावी लागते. गैरवर्तनामुळे काढून टाकलेल्यांना, वयोमानाने निवृत्त झालेल्यांना आणि स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांना ही योजना लागू नाही. काम सुटून तीस दिवस झाल्यावर दावा करता येतो.

रक्कम अशी काढली जाते : चार कालखंडांतले एकूण वेतन घेऊन त्याला ७३० दिवसांनी भागायचे आणि आलेल्या आकड्याचे निम्मे करायचे. दरमहा १८,००० रुपये पगार दोन वर्षे सलग मिळाला असेल तर एकूण वेतन ४,३२,००० रुपये, दिवसाचे सुमारे ५९२ आणि भत्ता दिवसाला सुमारे २९६ रुपये. नव्वद दिवसांचे साधारण २६,६०० रुपये होतात. संसार त्यावर चालत नाही, पण प्रशिक्षणाच्या काळातला एसटीचा पास, मोबाइलचे रिचार्ज आणि किराणा त्यातून निभावतो.

दावा ईएसआयच्या पोर्टलवर विमा क्रमांकाने प्रवेश करून भरायचा असतो. आधार आणि बँक खात्याचा पुरावा जोडावा लागतो. पैसे थेट खात्यावर जमा होतात. आपले शाखा कार्यालय कोणते हे ई-पहचान कार्डावरून कळते. ही योजना ठरावीक मुदतीसाठी वाढवली जात आली आहे, त्यामुळे अर्ज भरण्यापूर्वी शाखेत मुदतीची चौकशी करावी.

दुसरी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, २००५ पासूनची. कारखाना बंद पडल्यामुळे किंवा कायदेशीर कपातीमुळे काम गेले असेल, अथवा कामाशी संबंध नसलेल्या दुखापतीने किमान ४० टक्के कायमचे अपंगत्व आले असेल, आणि दोन वर्षांची वर्गणी जमा असेल, तर या योजनेत पहिले बारा महिने वेतनाच्या ५० टक्के आणि पुढचे बारा महिने २५ टक्के भत्ता मिळतो. त्या काळात कुटुंबाला वैद्यकीय सेवाही मिळते आणि कौशल्यवाढीच्या प्रशिक्षणाचे शुल्क व प्रवासखर्च ईएसआय महामंडळ देते. एकाच काळासाठी दोन्ही योजनांचे पैसे मिळत नाहीत. पहिली ९० दिवसांची, दुसरी दोन वर्षांची. फरक केवढा आहे हे पाहिले म्हणजे राजीनाम्याच्या कागदावर मी इतके का लिहिले ते ध्यानात येईल. आमच्यापैकी ज्यांच्याकडे कपातीचे पत्र होते त्यांनी दुसऱ्या योजनेचा अर्ज केला, आणि ज्यांनी राजीनामे दिले होते ते पहिल्या योजनेसाठीसुद्धा खुलासे देत बसले.

औषधोपचारांची सोय काम सुटल्या दिवशी बंद होत नाही. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर पुढच्या जुलै ते डिसेंबरमध्ये लाभ मिळतात. घरात कोणाचे उपचार चालू असतील तर हे दिवस मोजून ठेवावेत.

४. भविष्य निर्वाह निधी लगेच रिकामा करू नका

काम सुटले की पहिली नजर याच पैशांवर जाते. पूर्वी एक महिना बेकार राहिल्यावर ७५ टक्के आणि दोन महिन्यांनी उरलेली सर्व रक्कम काढता येत असे. निधीच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये हे नियम बदलण्याचा निर्णय घेतला : ७५ टक्के लगेच, पण पूर्ण रक्कम बारा महिन्यांनी, आणि पेन्शनचा भाग ३६ महिन्यांनी. अर्ज भरताना पोर्टलवर कोणता पर्याय खुला दिसतो त्यानुसार चालावे.

पेन्शनचा भाग शक्यतो काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दहा वर्षांची सेवा झाली की पेन्शनचा हक्क लागतो. माझी सात होती. पैसे काढले असते तर पुढच्या नोकरीत पुन्हा शून्यापासून मोजणी सुरू झाली असती. त्याऐवजी योजना प्रमाणपत्र घेता येते आणि जुनी वर्षे नव्या नोकरीत जोडली जातात. सेवा पाच वर्षांपेक्षा कमी आणि काढायची रक्कम ५०,००० रुपयांहून अधिक असेल तर कर कापला जातो; पॅन जोडलेला नसेल तर ती कपात आणखी मोठी असते.

पोर्टलवरचा अर्ज विनाशुल्क आहे. ‘रकमेच्या दहा टक्के द्या, आठ दिवसांत काढून देतो’ म्हणणारे दुकान प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी सापडते. त्यांना पासवर्ड आणि ओटीपी सांगणे म्हणजे घराची किल्ली अनोळखी माणसाच्या हाती देणे होय.

५. महास्वयंमवर आणि ग्रामपंचायतीत नाव नोंदवा

ज्याला आपले वडील ‘एम्प्लॉयमेंटमध्ये नाव घालणे’ म्हणत, ते काम आता राज्य शासनाच्या महास्वयंम पोर्टलवर होते. नोंदणीचा क्रमांक जपून ठेवावा, शिक्षण व अनुभव नंतर वाढला तर त्यात भर घालावी. मोबाइलवर जमत नसेल तर जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात जावे. सिंधुदुर्गचे केंद्र ओरोसला, रत्नागिरीचे रत्नागिरीत आणि रायगडचे अलिबागला आहे. रोजगार मेळाव्यांच्या तारखा याच पोर्टलवर लागतात. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय करिअर सेवा पोर्टलवरही नोंदणी करावी, तीही मोफत आहे.

अंगमेहनतीचे काम चालणार असेल तर ग्रामपंचायतीकडे कुटुंबाची नोंद करून रोजगार हमीच्या कामाचे जॉब कार्ड घ्यावे. मजुराने काम मागायचे आणि शासनाने ते द्यायचे, हे तत्त्व कायद्यात आणणारे पहिले राज्य महाराष्ट्र. तो कायदा १९७७ चा. पण इथे एक मेख आहे. कामाची मागणी तोंडी केली तर ती केलीच नाही असे समजले जाते. मागणी लेखी द्यावी आणि तारखेसह पोच घ्यावी, कारण पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेरोजगार भत्त्याचा हक्क त्या पोचपावतीवरूनच मोजला जातो.

६. प्रशिक्षण निवडताना आधी हंगाम पाहा

प्रशिक्षण फुकट आहे म्हणून घेऊ नये. ते संपेल त्या महिन्यात आपल्या भागात त्या कामाला माणसे लागतात का, हे आधी पाहावे. कोकणातली मागणी ऋतूप्रमाणे सरकते. यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, त्यामुळे नौकामालक खलाशांची जुळवाजुळव जुलैअखेर करतात. पर्यटनाचा हंगाम दिवाळीपासून मेपर्यंत चालतो आणि मालवण, तारकर्ली, गणपतीपुळे, दापोलीकडचे हॉटेलवाले नवरात्राच्या सुमारास माणसे शोधू लागतात. आंब्याची पेटी भरणे मार्चपासून जोर धरते, कॅनिंगचे कारखाने एप्रिल-मेमध्ये दिवसरात्र चालतात आणि काजूचे काम त्याच सुमारास सुरू होते. नोव्हेंबरमध्ये नौकेवर काम मागायला गेलेल्या माझ्या चुलत दिराला सगळ्यांनी चहा पाजला. काम कोणाकडेच नव्हते.

कोकणात राहून घेता येण्यासारखी प्रशिक्षणे पुष्कळ आहेत. त्यांपैकी जी मी स्वतः घेतली किंवा ज्यांची खात्री करून घेतली तेवढीच सांगते.

ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, म्हणजे आरसेटी, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत बँक ऑफ इंडिया चालवते. शिवणकाम, मोबाइल दुरुस्ती, मोटार रिवाइंडिंग, शेळीपालन, कुक्कुटपालन असे अभ्यासक्रम तिथे असतात. शिकवणे, राहणे आणि जेवण मोफत. प्रशिक्षणानंतर दोन वर्षे संस्था पाठपुरावा करते. मात्र तिचा भर स्वतःचा व्यवसाय सुरू करण्यावर आहे, नोकरी लावून देण्यावर नाही, हे जाणून मगच जावे.

दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे. तिथे आणि लांजा, किर्लोस, रोहा इथल्या कृषी विज्ञान केंद्रांत फळप्रक्रिया, कलमे बांधणे, रोपवाटिका यांची लहान प्रशिक्षणे होतात. मी फळप्रक्रियेचे दहा दिवसांचे प्रशिक्षण घेतले. नोकरीच्या दृष्टीने खरा उपयोग मात्र त्याच्या जोडीला घेतलेल्या एका दिवसाच्या फॉस्टॅक, म्हणजे अन्नसुरक्षा प्रशिक्षणाच्या वर्गाचा झाला. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे परवानाधारक अन्न उद्योगात दर पंचवीस कामगारांमागे एक प्रशिक्षित अन्नसुरक्षा पर्यवेक्षक लागतो, आणि हंगामात कारखान्याची माणसे शंभरावर गेली की अशा प्रमाणपत्रांची चणचण भासते. माझ्या अर्जातले सात वर्षांचे पॅकिंग कोणी वाचले की नाही ठाऊक नाही. प्रमाणपत्र मात्र लगेच मागून घेतले.

मत्स्यव्यवसाय विभागाचे सहा महिन्यांचे प्रशिक्षण मच्छीमार तरुणांसाठी आहे. त्यात नौकानयन आणि सागरी डिझेल इंजिनची देखभाल शिकवतात. पोहता येणे ही अट आहे आणि मासेमारीचा अनुभव विचारला जातो. खलाशाला इंजिन कळू लागले की नौकेवरचा त्याचा वाटा बदलतो, म्हणून दोन महिन्यांच्या बंदीत घरी बसण्यापेक्षा याची चौकशी करावी. तारकर्लीला पर्यटन महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्रही आहे.

आयटीआय केलेल्यांनी शिकाऊ उमेदवारी सोडू नये. १९६१ च्या कायद्याखालची ही उमेदवारी विद्यावेतनासह असते आणि केंद्राच्या पोर्टलवर नोंदणी करून थेट कारखान्यांकडे अर्ज करता येतो. १८ ते ३५ वयाच्या तरुणांसाठी २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्यांना ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये दरमहा असे विद्यावेतन ठरले. सरकारी कार्यालयात बसायला मिळते म्हणून अनेक जण ती कायम नोकरीची पहिली पायरी समजतात. तशी ती नाही. त्या महिन्यांत अनुभवाचे पत्र आणि ओळखी मिळवाव्यात आणि दुसरीकडचे अर्ज चालूच ठेवावेत.

कारागिरांसाठी पीएम विश्वकर्मा योजना २०२३ पासून आहे. तिच्या अठरा व्यवसायांत होडी बांधणारे, जाळी विणणारे, सुतार, लोहार, कुंभार येतात. प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज ५०० रुपये आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. आपल्या किनाऱ्यावर होडीचे सुतार मोजके उरले आहेत आणि त्यांनाच ही योजना सांगायला कोणी जात नाही.

७. काम मागताना

पोर्टलवरून नोकरी लागते, पण कोकणात अजूनही निम्मी कामे कोणी तरी कोणाला सांगितल्यामुळे मिळतात. त्यात कमीपणा नाही. फक्त सांगताना नेमके सांगावे. ‘काही तरी बघ माझ्यासाठी’ या वाक्याने कोणालाच काही आठवत नाही. ‘पॅकिंग आणि स्टोअरचा सात वर्षांचा अनुभव आहे, खेडपासून लांज्यापर्यंत रोज जाऊन येऊ शकते’ असे सांगितल्यावर समोरच्याच्या डोळ्यांसमोर एखादे ठिकाण येते. एक पानाचा अर्ज तयार ठेवावा आणि त्यात कोणत्या गाडीने किती वाजता पोचता येईल हेही लिहावे. वस्तीची एसटी चुकली की पहिली पाळी चुकते, हे इथल्या मालकांना पक्के ठाऊक असते.

हंगामी कामात उचल घेण्यापूर्वी विचार करावा. उचल फिटेपर्यंत दुसरीकडचे चांगले काम सोडून द्यावे लागते. आणि भत्त्याचा दावा चालू असताना काम लागले तर ते लपवू नये. ज्या दिवसांसाठी आपण बेकार असल्याचे लिहून दिले आहे त्या दिवसांची दुसरीकडे वर्गणी भरली गेली, तर ते एकाच विमा क्रमांकाखाली दिसते.

८. आखाती आणि जहाजावरच्या नोकरीचे दलाल

रत्नागिरी, खेड, दापोली या भागांतून आखातात जाणाऱ्यांची परंपरा जुनी आहे आणि म्हणूनच फसवणारेही इथेच फिरतात. परदेशात कामगार पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी लागते. ती ई-मायग्रेट पोर्टलवर नावानिशी तपासता येते. उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढीच आहे. दीड-दोन लाख मागणारा माणूस, मग तो शेजारच्या वाडीतला का असेना, नियमाबाहेर मागत असतो. पैसे बँकेतूनच द्यावेत आणि पावती घ्यावी. पर्यटक व्हिसावर जाऊन तिथे काम मिळेल या बोलण्यावर निघू नये.

व्यापारी जहाजावरच्या भरतीसाठी एजन्सीकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा परवाना असावा लागतो आणि तीही यादी खुली आहे. कोर्स करा, सीडीसी (खलाशाचे नोंदपुस्तक) काढून देतो, जहाज नक्की, असे तिन्ही एकाच पॅकेजमध्ये विकणाऱ्यापासून दूर राहावे. आमच्या वाडीतल्या एका मुलाच्या वडिलांनी कलमांची बाग तीन वर्षांच्या कराराने देऊन असे पैसे भरले. मुलगा मुंबईत दोन महिने खोलीवर बसून परत आला आणि बाग अजून दुसऱ्याच्या ताब्यात आहे.

९. नवी नोकरी लागल्यावर

रुजू होताना जुनाच यूएएन आणि जुनाच विमा क्रमांक द्यावा. ‘नवीन काढून देतो, सोपे पडते’ असे कार्यालयात सांगितले तरी नकार द्यावा, कारण दोन क्रमांक झाले की मागची वर्षे तुटतात आणि जोडायला पुन्हा तेच खेटे सुरू होतात. पहिल्या दोन पगारांनंतर दोन्ही पोर्टलवर वर्गणी जमा झाल्याचे पाहावे आणि हजर झाल्याची तारीख नेमणूकपत्राशी जुळते का ते तपासावे. माझ्या नव्या ठिकाणी ती चार दिवसांनी चुकली होती. त्याच आठवड्यात सांगितल्यामुळे दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत दुरुस्त झाली.